घाटाचा गोटा, तुडुमाचा गोटा

माझं पोट वाढायला लागलं तेव्हा गावातल्या बायका आधी हसल्या. घाटावर धुणं आपटता आपटता एकजण म्हणाली, "काऊन वो बाई, नातू खेळवाच्या वयात पाळणा बांधून रायली का?" मीही हसले. पन्नाशी उलटलेली, पाळी जाऊन जमाना झालेला, हसण्यासारखंच होतं ते. पण लुगड्याची गाठ रोज थोडी सैल करावी लागे, दोन घास खाल्ले की पोट तट्ट होई, आणि हातपाय वाळून काड्या. तालुक्याच्या डॉक्टरने गॅसच्या गोळ्या दिल्या, त्या मी इमानदारीने खाल्ल्या. गॅस काही गेला नाही. शेवटी गोंदियात नांदणाऱ्या माझ्या लेकीने मला हाताला धरून सोनोग्राफीला नेलं. पोटात पाणी झालं होतं, आणि अंडाशयापाशी गाठ होती.

पाणी म्हणजे तसं आमच्या घरचंच काम. अर्जुनी मोरगावकडच्या आमच्या गावाला वाडवडिलांनी बांधलेला तलाव आहे, आणि माझे मालक त्या तलावाचे पाणकर. तलावाच्या बांधात पाणी सोडायची मोरी असते, तिला आम्ही तुडूम म्हणतो. ते कधी उघडायचं, आज कोणाच्या बांधीत पाणी जाईल, उद्या कोणाच्या, हे पाणकर ठरवतो. बांधी म्हणजे बांध घातलेलं धानाचं वावर. आमच्या गावचा जुना नियम असा की सगळ्यात लांबच्या बांधीला पाणी आधी, आणि पाणकराच्या स्वतःच्या बांधीला सगळ्यात शेवटी. वाढप्याने आपलंच ताट आधी भरलं तर पंगतीला कोण बसेल, असं मालक म्हणतात. हे ऐकून माझे कान किटले. दुसऱ्यांची रोवणी, म्हणजे धानाची लावणी, आटोपून त्यांचे पाय धुऊन झाले तरी माझे पऱ्हे, लावायची रोपं, वाफ्यात पिवळे पडत उभे. लग्न झाल्यापासून मी या नियमाशी भांडत आले आणि एकदाही जिंकले नाही.

आमचं दुसरं भांडण गोट्यांवरून. तुडुमापाशी एक खाचांचा गोटा रोवलेला आहे, मालक त्यावर पाणी मोजतात. बायकांच्या घाटावरही तसाच एक गोटा आहे. तो कोणी केव्हा रोवला देव जाणे, पण जरा खाली बसलेला आहे, म्हणून तिथे नेहमी एक-दीड खाच जास्त बुडालेली दिसते. मी धुणं धुऊन यायची आणि सांगायची, "आज सहा खाचा पानी हाय." ते म्हणायचे, "साडेचार."

"म्या का आंधळी हावो?"

"आंधळी नाही, पन तू घाटाचा गोटा पाह्यते. कोनताबी पाह्य, पन रोज एकच पाह्य. आज हा नं उद्या तो, असं केलं तर तलाव चढला का उतरला, काय समजन तुले?"

संध्याकाळी चौकातल्या पारावर उभं राहून मालक पाणी किती झालं ते सांगतात, हा गावचा रिवाज. माणसं त्यासाठीच येऊन बसलेली असतात. चढलं म्हटलं की तंबाखू मळली जाते आणि गप्पा सुरू होतात. उतरलं म्हटलं की सगळे आपापल्या पायांकडे पाहत बसतात.

नागपूरला मोठ्या दवाखान्यात नेलं. पोटातलं पाणी सुईने काढून तपासायला पाठवलं, गाठीचा तुकडा काढला, स्कॅन केला, आणि रक्ताची एक तपासणी केली. तिचं नाव सीए एकशे पंचवीस. माझा आकडा आला आठशे चाळीस. मालक बिचारे कागद उलटापालटा करत राहिले. शेवटी मॅडमना म्हणाले, "मॅडम, सव्वाशेपैकी आठशे कसे भेटले?"

मला तशाही हालतीत हसू आलं. मॅडम म्हणजे माझ्या डॉक्टर, लेकीहून चारपाच वर्षांनीच मोठ्या असतील. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "काका, सव्वाशे हे नुसतं तपासणीचं नाव आहे. मार्क नाहीत ते. रक्तात एक प्रथिन असतं, ते किती आहे ते यात मोजतात. साधारण पस्तीसच्या आत असलं तर ठीक मानतात."

"मंग आठशे म्हनजे क्यान्सर पक्का?"

"नाही. कॅन्सर आहे हे पोटातल्या पाण्याच्या आणि गाठीच्या तपासणीवरून ठरलं, या आकड्यावरून नाही. हा आकडा पोटाला सूज आली तरी वाढतो, लिव्हर बिघडलं तरी वाढतो, टीबीने वाढतो, पाळीच्या दिवसांतही वाढतो. आणि काही बायांना कॅन्सर असूनही तो वाढतच नाही. एकट्या आकड्याने ना हो म्हणता येतं, ना नाही." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "पण मावशी, तुमचा वाढलेला आहे ना, तर तो आता आपल्या कामाचा. औषध लागू पडतंय का, हे बघायला उपयोगी पडेल. एकदाचा आकडा पाहून घाबरायचं नाही. तो कुठल्या दिशेने चाललाय ते बघायचं."

मी मान हलवली. खरं सांगायचं तर कॅन्सर हा शब्द ऐकल्यापासून माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं. मॅडम किती शहाण्या आहेत हे कळण्याइतकी शुद्ध मला होती कुठे?

आधी केमोच्या सलाइनी, मग ऑपरेशन, मग परत सलाइनी, असं ठरलं. सलाइनीबद्दल काय लिहू? केस गेले. तोंडाला लोखंडाची चव आली. ज्या मी आयुष्यभर भात खाऊन जगले, त्या मला शिजणाऱ्या भाताचा वास सहन होईना, तेव्हा मी खरी रडले. मालक अंगणात दूर चूल मांडून भात शिजवत आणि वास वाऱ्यावर जाईपर्यंत पातेलं आत आणत नसत.

पुढची तपासणी झाली आणि लेकीने मोबाईलवर पाहून सांगितलं, "बाबा, आकडा उतरला. तीनशे दहा." मालकांचं तोंड पडलं. खाली बसले, टोपी काढली आणि म्हणाले, "उतरला?" ज्या माणसाने जन्मभर पाणी उतरलं की काळजी केली, त्याला उतरण्यात आनंद असतो हे ठाऊकच नव्हतं. लेक ओरडली, "अहो बाबा, उतरलाच पाहिजे. पेढे आणा." तेव्हा कुठे त्यांच्या डोक्यात उजेड पडला. मग मात्र या माणसाला आनंद मावेना. संध्याकाळी पारावर जाऊन त्यांनी सांगितलं, "तलाव अर्धी खाच चढला. घरचं पानी पाचशेनं उतरलं."

दुसऱ्या दिवशी घाटावरच्या बाया माझ्या उंबऱ्यात. "उतरलं म्हनते वो तुहं. बरं झालं बाई." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझं रक्त, माझं पोट, आणि त्याची दवंडी चौकात. मालकांनी घरात पाय ठेवला तशी मी उठून बसले. डोक्यावर केस नव्हते, अंगात ताकद नव्हती, पण जीभ शाबूत होती. म्हटलं, "मी का गावतलाव हावो? उद्यापासून माह्या आकड्याचं नाव जरी पारावर काढलं, तर तुमच्या तुडुमात मीच जाऊन बसन." त्यानंतर पारावर त्यांनी फक्त तलावाचंच सांगितलं. गावाला मात्र सवय लागली होती. तलावाचं सांगून झालं की माणसं जरा वेळ त्यांच्या तोंडाकडे पाहत राहायची आणि त्यावरून काय ते समजून घ्यायची.

ऑपरेशन झालं. उरलेल्या सलाइनी झाल्या. आकडा उतरत उतरत एकोणीसवर आला आणि तिथेच थांबला. स्कॅनमध्येही काही दिसलं नाही. मॅडम म्हणाल्या, "आता घरी जा. दर तीन महिन्यांनी यायचं, तपासणी करायची, माझ्याकडून पोट पाहून घ्यायचं." त्या साली माझ्या बांधीत दुसऱ्यांनी रोवणी केली होती. रोवणारणींची गाणी मला खाटेवर ऐकू येत होती, आणि बांधावर उभं राहण्याइतकंही बळ माझ्यात नव्हतं. तेव्हाच मनात ठरवलं की पुढच्या वर्षी माझ्या बांधीत पऱ्ह्यांची पहिली पेंढी मीच रोवणार. मग पुढे काय व्हायचं ते होवो.

यंदा पऱ्हे मी टाकले. कंबर दुखली, पण टाकले. केस परत आले, कुरळे आले, आधी असे कधी नव्हते. पोरी म्हणायच्या, "काकू, पार्लरले जाऊन रायल्या काय?" सगळं असं सुरळीत चाललेलं आणि नेमकी रोवणीच्या तोंडावर तपासणीची वेळ आली. पाऊस अडलेला, पऱ्हे तयार, तुडूम कोणत्याही दिवशी उघडावं लागणार. नागपूरला जाऊन यायचं म्हणजे दोन दिवस मोडतात. मालक म्हणाले, "रक्त तर तेच हाय नं. गोंदियात देलं काय नं नागपूरले देलं काय. पोरीकडं जाऊ, देऊ, संध्याकाळी वापस." मला पटलं. मॅडमकडे तर मी जाणारच होते, रोवणी झाल्यावर.

गोंदियातल्या लॅबवाल्याने कागद हातात दिला आणि हिंदीत म्हणाला, "अम्मा, थोड़ा बढ़ा हुआ है, डॉक्टर को दिखा देना." अडतीस. आकड्यापुढे काळी चांदणी छापलेली. एकोणीसचे अडतीस, म्हणजे दुप्पट, एवढा हिशोब मलाही येतो. आणि पस्तीसची रेघ ओलांडलेली. परतीच्या बसच्या खिडकीतून दोन्ही बाजूंना बायका रोवणी करताना दिसत होत्या आणि मला त्यांचा राग येत होता. सरळ सांगते, हेवा वाटत होता.

त्या संध्याकाळी मालक पारावर गेलेच नाहीत. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मग काय, गावाला आणखी काय सांगायचं राहिलं? सकाळपासून बाया यायला लागल्या. कोणी चण्याची भाजी आणली, कोणी अनारसे. एकीने माझा हात हातात घेऊन म्हटलं, "किती चांगली होती वो तू." होती. मी तिथेच जिवंत बसलेली आणि ही माझा दहावा घालून मोकळी. म्हटलं, "बाई, मी अजून हावो. अनारसे ठेव नं जाय."

पण खरा घाव दुपारी बसला. मालकांनी मला न विचारता आमची बांधी शेजाऱ्याला बटईने, अर्ध्या वाट्याने कसायला, देऊन टाकली होती. पऱ्ह्यांसकट. मी टाकलेल्या पऱ्ह्यांसकट.

"कायले देली?" मी विचारलं.

"तू आता नागपुरात रायशील. मी तुह्याजवळ राहीन. बांधीत कोन राहीन?"

"मी मेल्यावर द्यायची होती. वाट तरी पाहाची."

माझ्या तोंडून निघून गेलं. ते भिंतीला टेकले आणि लहान लेकरासारखे रडले. मीही रडले. त्यांनी माझ्या जगण्याची आशा सोडली नव्हती, मला माहीत होतं. त्यांना फक्त दुसरं काही करायला सुचत नव्हतं. पण माझी बांधी गेली होती, आणि मला वाटलं की आता सगळंच गेलं.

दुसऱ्याच दिवशी नागपूर गाठलं. मॅडमनी कागद पाहिला, पोट दाबून पाहिलं, भूक कशी आहे, पोट फुगतं का, विचारलं. मग कागद परत उचलला आणि डोक्यावरचं लॅबचं नाव वाचलं. "ही तपासणी कुठे केली?"

"गोंदियाले," मालक म्हणाले. "रक्त तर तेच हाय मॅडम."

"रक्त तेच आहे काका, मशीन तेच नाही. प्रत्येक कंपनीची मोजायची पद्धत वेगळी असते. एकाच बाईचं रक्त दोन ठिकाणी दिलं तर दोन वेगळे आकडे येऊ शकतात. दोन्ही लॅब चांगल्या असल्या तरी. म्हणून एकाच ठिकाणचे आकडे एकमेकांशी ताडून बघायचे. मी मागेच सांगितलं होतं, दिशा बघायची. आता इथला एकोणीस आणि तिथला अडतीस ठेवून दिशा कशी कळणार?"

मालकांनी आपल्या कपाळावर असा हात मारला की बाहेरची नर्स आत डोकावली. "बाप्पा," ते म्हणाले, "म्या घाटाचा गोटा वाचला."

दवाखान्यात, जीव मुठीत धरून बसलेली असताना, मी खो खो हसले. लग्न झाल्यापासून ज्या गोष्टीवरून हा माणूस मला शिकवत आला, तीच चूक त्यानेच करावी, तीही माझ्या रक्तात. मॅडमना काही कळेना. मग मालकांनी त्यांना दोन्ही गोट्यांचं सगळं सांगितलं, हातवारे करून. मॅडम हसल्या, पण लगेच गंभीर झाल्या. "एक लक्षात ठेवा. वेगळ्या मशीनमुळे झालं असेल, असं मी म्हणतेय. झालंय असं नाही. खरंच वाढलाही असू शकतो. नेहमीच्या लॅबमध्ये आज रक्त द्या, स्कॅन करा, मग बोलू. तोवर मला काही विचारू नका आणि स्वतःही काही ठरवू नका."

ठरवू नका म्हणे. वाट पाहणं म्हणजे काय ते त्या दिवसांत कळलं. मी देवाशी भांडले. मग कचारगडच्या देवस्थानाला येईन म्हणून नवस बोलले, मग प्रतापगडच्या दर्ग्यालाही बोलले, म्हटलं कोणी तरी घरी असेल. निकाल येईपर्यंत आम्ही गोंदियात लेकीकडे थांबलो, ती रात्रंदिवस मोबाईल हातात धरून बसलेली. शेवटी ती स्वयंपाकघरातून बाहेर आली, पिठाचे हात तसेच. मोबाईल माझ्यापुढे धरला. वीस.

मी तो आकडा कितीतरी वेळ पाहत राहिले. त्याच्यापुढे चांदणी नव्हती. मालक म्हणाले, "एकोनीसचा वीस. म्हनजे एकानं चढला." तोंडावर परत काळजी. मी म्हटलं, "वारा सुटला का तुमच्या खाचेवर लाट येत नाही काय? लाट हाय ते." परत नागपूरला गेलो तेव्हा मॅडमनीही तेच सांगितलं, त्यांच्या भाषेत. एवढा फरक काही धरायचा नाही. आणि स्कॅनही स्वच्छ होता. मी विचारलं, "म्हणजे गेला नं मॅडम, कायमचा?" त्या खोटं बोलत नाहीत. म्हणाल्या, "ते मी कोणालाच सांगत नाही मावशी. आज कुठेही दिसत नाही, हे खरं आहे. तीन महिन्यांनी परत यायचं, आणि रक्त इथेच द्यायचं. आता जा, रोवणी करा. फार वेळ वाकू नका."

मला दुसरं काही ऐकायचंही नव्हतं. दवाखान्याच्या पायऱ्या मी मालकांच्या पुढे उतरले.

गावात पोचलो तर शेजारी स्वतःच घरी आला. म्हणाला, "वैनी, बांधी तुमची तुमाले. म्या तर पेंढीले हात बी नाही लावला. तुमी येनारच होत्या." मी त्याला चहा दिला.

पाऊस अजून अडलेलाच होता आणि तुडूम उद्या उघडायचं होतं. संध्याकाळी मालक पारावर निघाले. मी म्हटलं, "मीबी येतो." बाईमाणूस सहसा तिथे जात नाही. मी गेले. सगळे उठून उभे राहिले, मेलेली बाई चालत आल्यासारखे. मालकांनी सांगितलं, "तलावात सात खाचा पानी हाय. रोवनीले पुरते." मग ते गप्प झाले. मी त्यांना बंदी घातली होती ना. सगळी माणसं त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिली आणि ते माझ्याकडे.

मी म्हटलं, "वीस. नागपूरच्या गोट्यावर."

कोणाला गोट्याचं काही कळलं नसेल, पण वीस कळलं. त्या पारावर आकडा उतरला म्हणून माणसं हसताना मी पहिल्यांदा पाहिली. कोणी तंबाखू काढली. त्या दिवशी मला अनारसे आणून देणारी म्हातारी माझ्यामागे येऊन कडेला उभी होती, ती डोळे पुसत पुढे आली आणि मालकांना म्हणाली, "पानकर, यंदाच्या वर्षी नियम बाजूले ठेवा. उद्या पह्यलं पानी हिच्या बांधीत सोडा. मंग आमच्या." आणि एकेक करून सगळे म्हणायला लागले, हो, सोडा, हिच्याच बांधीत आधी.

मालकांनी माझ्याकडे पाहिलं. ज्या नियमाशी मी लग्न झाल्यापासून भांडत आले, तो त्या क्षणी ते माझ्यासाठी मोडायला तयार होते, हे मला त्यांच्या डोळ्यांत दिसलं. मी नुसतं हो म्हटलं असतं तर झालं होतं.

"नाही," मी म्हटलं. "लांबच्या बांधीले आधी द्या. माहं शेवटी द्या, नेहमीसारखं. मले काही घाई नाही."